मालिकेलेकोची हाळी
“गाणाऱ्याच्या घामाचा वास येईल इतकं जवळ बसावं,” असं मालिकेलेको आजी नेहमी म्हणायची. लेसोथोच्या डोंगरातल्या उन्हाळी गाण्याच्या जत्रेत ती पहाटेच मंचापुढची जागा धरी. जीभ नाचवत तिने ‘लुलुलु’ हाळी दिल्याशिवाय मोखेले गवयाचा अकॉर्डियन रंगतच नसे.

यंदा तिथे दोरी बांधून आत पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या.

“ऊठ म्हातारे, दोरीमागनं ओरड,” व्यवस्थापक लेफू म्हणाला.

“ओरडायला मी काय तुझी बायको आहे?”

त्याने तिची चटई भिरकावली. ती दोरीमागे ओठ मिटून उभी राहिली. मोखेलेने तीनदा गाणं उचललं, तीनदा ते पडलं.

“दे की गं हाळी,” लेफू कुजबुजला.

“तुझ्या खुर्च्यांकडून घे.”

घोंगडी सावरत ती डोंगरवाटेला लागली. मोखेले गाणं सोडून तिच्या पाठीकडे बघत राहिला.