लिहून घ्यायच्या बातम्या

रेडिओ केंद्रात तिला सगळे संथताई म्हणत. रोज दुपारी ती लिहून घ्यायच्या बातम्या वाचायची. एक वाक्य म्हणायचं, थांबायचं, तेच पुन्हा म्हणायचं, अवघड नाव आलं तर अक्षरं सुटी करून सांगायची. आडगावांतली छोटी वर्तमानपत्रं, वाचनालयं, शाळा ते ऐकून उतरवून घेत आणि संध्याकाळच्या आत बातमी फळ्यावर लागे. जुन्या संचालकांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ज्याचा हात सगळ्यांत मंद, त्याच्यासाठी वाचा." ते तिच्या अंगात इतकं मुरलं की घरीही ती तशीच बोले. नवरा म्हणायचा, "ही भांडायला लागली की मुद्द्यावर येईपर्यंत माझा राग उतरतो. संसार उगाच नाही टिकला."

पुढे सरकारने हात आखडता घेतला. केंद्राने स्वतःचं पोट स्वतः भरावं, असं ठरलं. आधी नाटकं गेली, मग मुलांचा कार्यक्रम गेला. तिच्या बातम्यांना तर जाहिरातच मिळेना. नव्या साहेबांनी बोलावलं. माणूस वाईट नव्हता.

"ताई, आता कोण लिहून घेतं?"

"गेल्या महिन्यात अकरा पत्रं आली."

"अकरा," साहेब म्हणाले.

तिची बदली जाहिरातींकडे झाली. केस उगवायच्या तेलाच्या जाहिरातीतल्या अटी पाच सेकंदांत उरकायच्या होत्या. जीभ काही वळेना. शेवटी तिने त्या आपल्या पद्धतीने वाचल्या, "हे तेल... सगळ्यांनाच लागू पडेल... असं नाही." कंपनीचा माणूस कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, हे लोकांना कळायला नकोय."

"मग लिहिलंय कशाला?" तिने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी तिने राजीनामा दिला. महिनाभर घरात चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग दवाखान्यात नर्स असलेली नणंद म्हणाली, "वहिनी, डॉक्टर एका दमात सांगतात, लोक माना डोलावतात, आणि घरी जाऊन सकाळची गोळी रात्री घेतात. तुम्ही येता का?"

आता सकाळी ती वॉर्डाच्या दाराशी बाकावर बसते. घरी निघालेल्या माणसांना औषधं सांगते. परवा एका गवंड्याची बायको त्याला घरी न्यायला आली. तिने औषधाच्या पाकिटाच्या पाठीवर एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं. संथताई थांबली, मग म्हणाली, "आता मला वाचून दाखवा." एक चूक निघाली, ती दुरुस्त झाली.

"तुम्ही शाळेत होता का हो?"

"नाही, रेडिओवर होते. बातम्या सांगायचे."

"असं होय. आता तिथे नुसती जाहिरातच असते," बाई म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "यांनी ओझं उचललं तर चालेल का?"

"महिनाभर अजिबात नाही."

"हे यांना सांगा. माझं ऐकत नाहीत."

भिंतीला टेकलेला गवंडी ओशाळून हसला. संथताईने बाकावर सरकून त्याला जागा करून दिली.