दिराच्या नावाची चुरी

तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईचा नवरा सिलतऱ्याच्या कारखान्यात भट्टीपाशी भाजून मेला. ठेकेदारानं त्याच्या जागी त्याच्या धाकट्या भावाला कामावर घेतलं. सगळ्यांना ते माणुसकीचं वाटलं, मलाही. वर्ष सरत आलं तेव्हा सासरच्यांनी ठरवलं, की नोकरी त्याला मिळाली तशी वहिनी, इकडच्या भाषेत भौजी, तीही त्यालाच मिळावी.

इकडे, विदर्भाच्या पूर्वेच्या मुलखात, याला चुरी घालणं म्हणतात. विधवेला पुरुषानं बांगड्या घातल्या की ती त्याची बायको झाली. मांडव नको, भटजी नको. आईला हे कळलं तेव्हा ती हरखलीच. आम्ही मूळचे विदर्भातले, आणि विधवेनं पुन्हा संसार मांडावा यात आमच्या घराला फार पूर्वीपासून मोठी सुधारणा दिसते. आपल्याकडे पाट लावतात तसंच हे, असं म्हणत तिनं ठेवणीतली साडी काढली, नारळ काढला आणि विधवेची ओटी भरू नये हा नियम झुगारून बाईची ओटी भरली. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला वाटलं, आनंदाचं आहे.

आई देवळात गेल्यावर बाई माझ्याशी बोलली. इतकी वर्षं आमच्या स्वयंपाकघरात काढून ती आमच्या घरची विदर्भातली बोलीच बोलते.

"दीदी, मी लग्न होऊन आली तवा तो दुसरीत होता. मी त्याले आंघोळ घालत होती. मले नाही पायजे हे."

मला संताप आला, आणि संतापले की माझं तोंड सुटतं. महिला दिनाला आमच्या ऑफिसात भाषण माझंच असतं. कायदा काय म्हणतो, जबरदस्ती कोणी करू शकत नाही, सरळ नाही म्हण, असं सगळं मी तिला ऐकवलं. ती पोळी उलटत ऐकत होती. मग तिनं विचारलं, नाही म्हटल्यावर झोपायचं कुठं? खोली सासऱ्याची. सासूनं सांगून ठेवलं होतं, तुला जायचं तर जा, तुझी पोट्टी इथंच राहील, ती आमच्या घरची आहे. तिचा अभनपूरचा भाऊ म्हणाला होता, सणापुरती ये.

सांगणाऱ्याचं काय जातं! तरी मी धडपड केली. ओळखीच्या वकीलबाई म्हणाल्या, तक्रार नक्की होईल, पण त्यानंतर ती राहणार कुठं ते आधी बघा. बायकांच्या निवाऱ्यात जागा होती, थोड्या दिवसांपुरती. आमच्याकडे ये, असंही मी म्हटलं. घरात दोन खोल्या आणि माणसं पाच. ती होकाराचं "हव" म्हणाली, आणि पुढची लाटी घेत, "मग?" मी चिडले, तिच्यावरसुद्धा.

चुरीच्या दिवशी मी गेले. कुणीतरी तिला विचारील आणि ती नाही म्हणेल, एवढीच आशा होती. आणि विचारलं की! त्यांच्या समाजातल्या सगळ्यात वयस्कर माणसानं दिराला हातानं थांबवलं आणि तिला म्हटलं, बेटी, तुझी मर्जी आहे ना? तिची मुलगी आजीच्या मांडीवर बसली होती. आजीचा हात तिच्या कमरेभोवती घट्ट होता. बाईनं मुलीकडे पाहिलं.

"हव," ती म्हणाली.

झालं. तिच्याच तोंडून, सगळ्यांदेखत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि तोंड कुणी दाबलेलंही दिसत नव्हतं. दीर खाली मान घालून बांगड्या चढवत होता. त्यालाही कुणी विचारलं नसावं. राग काढायला मला एक धड दुष्ट माणूससुद्धा मिळाला नाही. मला रडू कोसळलं. शेजारच्या बाईनं पाण्याचा गिलास पुढे केला.

दोन दिवसांनी ती कामावर आली. आई म्हणाली, बांगड्या शोभून दिसतात हो. ती हसली आणि कणीक भिजवायला घेतली. आई बाहेर गेल्यावर मी विचारलं, बरा वागतो ना?

"मारत नाही," ती म्हणाली. "पण दीदी, अंधारात बी तो मले भौजीच म्हणते."