पकडलेल्या गाडीचा खालचा रंग

“कारखान्याची राख बसलीया बघा सगळी हिच्यावर. अशीच ठेवायची व्हय पूजंला?”

मामीचा आवाज अंगणातून आला. मी आत, कळंबला आजोळच्या घरातल्या मधल्या खोलीत झेंडूच्या माळा ओवत बसले होते. खंडेनवमी होती. त्या दिवशी घरातलं प्रत्येक हत्यार आणि प्रत्येक गाडी धुऊन पूजेला लागते, त्यामुळे सकाळपासून बाहेरचा नळ बंदच झाला नव्हता. मामांचा ट्रॅक्टर झाला, मोटरसायकल झाली, कडबाकुट्टी झाली. मला वाटलं, एखादी सायकल राहिली असेल. मी सुईत पुढचं फूल घातलं.

“दात घासायचा जुना ब्रश घे की,” मामा म्हणाले. “फटीफटीत शिरलीया राख.”

सायकलला दात घासायचा ब्रश कोण लावतं? माझा हात थांबला. मी कोनाड्याकडे पाहिलं. तिथं मी ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका उघडा होता आणि त्यात काही नव्हतं.

त्या खोक्यात एक रणगाडा होता. खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा, माझ्या वीतभर पंजात मावणारा. आणि त्याच्यावरची राख मी मुद्दाम बसवलेली होती.

मी बारामतीला औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मशीनच्या भागांची ड्रॉइंग तपासते. दिवसभर कुणाशी फार बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला आवडतं. सुट्टीच्या दिवशी गॅलरीतल्या टेबलावर मी लहान गाड्या जोडते. लढाईत शत्रूकडून पकडलेल्या गाड्या. रणगाडे, जीप, एकदा एक तोफ ओढणारा ट्रक. प्लॅस्टिकचे सुटे भाग घासून, चिकटवून, त्यांना रंग देते. हे ऑफिसात कुणाला माहीत नाही. घरी आईला माहीत आहे, पण ती त्याला “तुझं ते चिकटवाचिकटवीचं” म्हणते.

पकडलेल्याच गाड्या का, याचं कारण आबा. आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. एकाहत्तरच्या लढाईत ते फौजेत होते, पण त्यांनी गोळी झाडली नाही. ते बंद पडलेल्या, रुतलेल्या गाड्या ओढून काढणाऱ्या मोठ्या गाडीवर ड्रायव्हर होते. शत्रू सोडून गेलेला एक पॅटन रणगाडा त्यांनी आणि आणखी दोघांनी चिखलातून ओढून बाहेर काढला होता. एवढीच त्यांची लढाई. गावात कुणी विचारलं, “आबा, किती मारलं?” की ते म्हणायचे, “म्या न्हाय लढलो. म्या गाडी वढली.”

मी कॉलेजात असताना एका लग्नाच्या मांडवात शेजारच्या तात्यांनी हे ऐकलं आणि चारचौघांत म्हणाले, “म्हंजी आबा, तुमी लढाईत जाऊन गॅरेजच चालवलं म्हना की!” सगळे हसले. आबाही हसले. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. हसता हसता त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची चौकोनी घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. त्यानंतर त्यांच्या तोंडून रणगाड्याचं नाव मी ऐकलं नाही. तेव्हा मी तात्यांना काहीतरी म्हणायला हवं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, कळंबला आले की माझं मराठी फार धुतल्यासारखं स्वच्छ वाटतं, लोक चिडवतात, मामा मला “मॅडम” म्हणतात. मी गप्प बसले.

बोलता आलं नाही ते करून दाखवावं, असं पुढं कधीतरी माझ्या मनात आलं. आबांची ती गाडी बनवायची. कुठलाही पॅटन नाही, तोच. त्यांनी बघावी आणि हीच ती, असं म्हणावं. पण चुकली, तर मी त्यांच्या गाडीचं खेळणं करून ठेवलं असं होणार होतं. तात्यांच्या वाक्यासारखंच एक, फक्त प्लॅस्टिकचं.

माहिती आबांकडूनच काढायची होती आणि तेही काही न सांगता. दर भेटीला मी एकच प्रश्न विचारायचे. म्हशीला पेंड घालताना, शेंगा फोडताना, असा सहज.

“आबा, त्या गाडीचा रंग कसला होता?”

“हिरवा.”

“आपल्या गाड्यांसारखा?”

“न्हाय गं. काळपट.” मग त्यांनी हाताला धरून मला विहिरीवर नेलं, मोटारीच्या लोखंडी पेटीचं दार उघडलं आणि आतल्या बाजूवर बोट ठेवलं. “ह्यो बघ. ऊन लागलं न्हाय तितला.”

मी फोटो काढला. पण फोटोत रंग खरा उतरत नाही, म्हणून पुढच्या वेळी रंग कालवून कागदाच्या पट्ट्या नेल्या आणि कुणी नसताना पेटीच्या दारावर लावून बघितल्या. सहावी पट्टी जुळली.

दुसऱ्या एका भेटीत त्यांनी सांगितलं की पकडलेल्या गाडीवर पहिलं काम रंगाचं असतं. तिला आपला रंग आणि आपली खूण दिली नाही, तर आपलीच माणसं लांबून बघून तिच्यावर तोफ डागतील. “आमच्याकडं रंग थोडका. डिझेल घालून पातळ केला नि मारला.” चिखल कसा होता, तेही विचारलं. आपल्या काळ्या रानासारखा नव्हता म्हणाले, राखाडी होता, वाळला की पिठासारखा उडायचा. हे ऐकलं आणि मला आमच्या गच्चीवर पडणारी कारखान्याची राख आठवली. गळीत हंगामात ती वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, सगळ्या बायका तिला शिव्या घालतात. मी ती चहाच्या गाळणीनं चाळून बरणीत भरून ठेवली.

आणखी एक गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली होती. “पकडलेल्या गाडीच्या तोफेची नळी खाली ठेवायची. कुठं बी उभी करा, नळी खालीच. वर केली म्हंजी ती अजून कुणाची तरी हाय.”

तर मी गाडी दोनदा रंगवली. आधी सगळी काळपट हिरवी, पेटीच्या दारासारखी, तिच्या जुन्या फौजेची गाडी म्हणून पूर्ण केली. बुरुजावर, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागावर, पांढरे आकडे घातले, कडांवर तेलाचे डाग दिले, वॉर्निश मारून पक्की केली. मग त्यावर केसांवर मारायचा स्प्रे मारला आणि त्याच्यावर आपला रंग, पातळ, आबांनी सांगितला तसा. मधल्या स्प्रेचा उपयोग असा, की वरचा रंग ओला करून ब्रशनं घासला तर तो तुकड्या-तुकड्यानं निघतो आणि खालचा दिसायला लागतो. खऱ्या गाडीचा रंग झिजतो तसा. तेवढं शेवटचं काम मी केलं नव्हतं. रंग कुठं झिजला होता हे आबांना विचारायचं राहून गेलं होतं, आणि अंदाजानं घासायचा मला धीर होत नव्हता. चार रविवार मी ब्रश ओला करून हातात धरला आणि परत ठेवला. शेवटी तशीच राख बसवली, नळी खाली केली आणि गाडी खोक्यात घातली. जो रंग देण्यात माझे सर्वांत जास्त दिवस गेले होते, तो कुणालाच दिसणार नव्हता. त्याचं मला वाईट वाटत होतं, हे मी स्वतःशीसुद्धा नीट कबूल केलं नव्हतं.

त्या दिवशी पहाटे बारामतीहून एसटीत खोका मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर पुढच्या माणसाला म्हणाले, “जरा सांभाळून टेका पाव्हणं, मॅडमच्या मांडीवर केक हाय.” मी मान हलवली. केक तर केक.

पूजा झाल्यावर आबा एकटे असताना खोका त्यांच्या हातात द्यायचा, असं मी ठरवलं होतं. म्हणजे फार बोलावं लागणार नाही.

आणि आता मी दाराच्या चौकटीत उभी होते, हातात सुई, तिला लोंबणारी अर्धी माळ. अंगणात पोत्यावर सगळं ओळीनं मांडलं होतं. कोयते, खुरपी, पान्ह्यांचा संच, फवारणीचा पंप, आणि शेवटी माझी गाडी. ओली, चकचकीत. राखेचा कणही नाही. बुरुजावर झेंडूचं फूल, पुढच्या पत्र्यावर हळदीकुंकू. आणि नळी आकाशाकडं.

“खाली मान घालून बसली हुती बिचारी,” मामी मामांना सांगत होती. “म्हनलं, सणाच्या दिवशी तरी नीट बस.”

मला रडू आलं नाही. मी जवळ जाऊन काय काय गेलं ते बघावं म्हणून पाऊल उचललं, तेवढ्यात फाटकातून तात्या आले. तेच तात्या. त्यांच्या मागं आबा, आंघोळ करून, पांढऱ्या टोपीत. माझं पाऊल तिथंच राहिलं.

“आरं वा, रणगाडा!” तात्या म्हणाले. “आबा, तुमचं गिऱ्हाईक आलं बघा गॅरेजला.”

मामा हसले. आबा हसले नाहीत. ते गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसले आणि गाडीकडं बघत राहिले. मग एक बोट पुढं करून त्यांनी नळी हळूच खाली दाबली, पार पत्र्याला टेकेपर्यंत.

“हिची नळी वर करायची न्हाय,” ते मामीला म्हणाले. “पकडलेली हाय ही.”

“खेळन्याला कसली आलीया पकडापकडी,” तात्या म्हणाले. “आनि रंग बघा की, पार उडालाय. पान्यात घातली नि रंग गेला. फसिवलं तुमाला.”

मी तेव्हा पाहिलं. मामीच्या ब्रशनं पुढची बाजू चांगलीच घासली होती, कारण राख तिथंच जास्त होती, चिखलात रुतलेलं तोंड म्हणून मी तिथं जास्त बसवली होती. ओढायच्या दोन्ही हुकांच्या वर आपला रंग निघून गेला होता आणि काळपट हिरवा उघडा पडला होता. बुरुजाच्या एका अंगाला पांढऱ्या आकड्यांतला एक अर्धा दिसत होता.

आबांचं बोट तिथंच गेलं होतं.

“तात्या, हिकडं या. बसा खाली.” आबांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. “ह्यो हुक दिसतोय? हितं आमचा लोखंडी दोर हुता. दोनदा तुटला. तिसऱ्यांदा लावला तवा गाडी हालली, नि दोर असा घासत गेला. हितंच. आमचा रंग सगळा खरवडून निगाला नि खालचा त्येंचा दिसाया लागला. साहेब वरडला, परत रंग मारा. म्या म्हनलं, साहेब, डबा रिकामा हाय. तशीच आनली. अकरा मैल. आपल्या लोकान्नी लांबनं त्ये काळपट हिरवं बघितलं नि बंदुका उचलल्या, तर म्या गाडीतनं बाहीर उभा ऱ्हाऊन टॉवेल हालवत आनली.”

तात्या उकिडवे बसले होते. त्यांनी टोपी मागं सारली. “बाहीर उभं ऱ्हाऊन?”

“दुसरा ड्रायवर हुता आत. कुनीतरी दिसाया नको का त्येंना, आपलं मानूस हाय म्हनून?”

नळ ठिबकत होता, तो मामीनं जाऊन बंद केला. मी आबांकडं इतकी वर्षं एकेक प्रश्न घेऊन गेले, पण टॉवेलाची गोष्ट त्यांनी मलाही सांगितली नव्हती.

“पर ही आली कुठनं?” आबांनी गाडी दोन्ही हातांत उचलली, उलटी केली, साखळ्यांवरून अंगठा फिरवला. “ह्यो रंग ज्यानं दिलाय त्यानं आपल्या मोटारीच्या पेटीत डोकं घातलेलं असनार. हीच ती.”

“आनलाइन मिळत्यात आता,” मामा म्हणाले. “मॅडमनं आनली असंल बारामतीहून. कोनाड्यात खोका हुता.”

“इकतची न्हाय ही,” तात्या म्हणाले. त्यांचा सूर बदललेला होता. “कारागिराचं काम हाय. कोण हाय गं त्यो, पोरी? नाव सांग की.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. नेहमीसारखं मी खाली बघितलं. सुईच्या टोकाला झेंडूची पाकळी चिकटली होती. “ओळखीचे आहेत एक,” असं म्हणून आत जाता आलं असतं, आणि तसं म्हणायला माझं तोंड उघडलंही होतं. पण आबांचा अंगठा त्या उघड्या पडलेल्या हिरव्यावर होता, तिथं वॉर्निशचे दोन हात मी दिले होते, म्हणूनच ब्रश लागूनही त्याला ओरखडा नव्हता. मला ते लांबूनसुद्धा दिसत होतं.

“मी केलीय,” मी म्हणाले. आवाज मला वाटला होता त्याहून मोठा आला. “आबा, ही मी केलीय. आणि तो खालचा रंग आहे ना, तो सगळ्या गाडीला आहे. दिसत नाही तिथंसुद्धा.”