पाटलांशी झालेला अमेरिकेचा वाद

पुण्याहून अमरावतीच्या शाळेत पंतोजी म्हणून आलो, तेव्हा शेजारच्या पाटलांचं बोलणं ऐकून वाटलं, हा माणूस आपल्यावर रागावलेला आहे. "काहून आले इकडं? तिकडं शाळा नाई का?" असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ताज्या दुधाचा तांब्या माझ्यापुढे ठेवला.

त्यांची जमीन अंजनगावच्या वाटेवर, सगळी कापसाखाली. अमेरिकेत आपसात लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. माझ्याकडे मुंबईचं वर्तमानपत्र यायचं. संध्याकाळी पाटलांच्या ओसरीवर मी ते मोठ्याने वाचायचो, आणि तिथेच वाद व्हायचा. दक्षिणेकडचे लोक माणसं विकत घेऊन त्यांच्याकडून कापूस पिकवतात, म्हणून उत्तरेकडच्यांनी लवकर जिंकावं, असं माझं म्हणणं. पाटलांना लढाई लांबायला हवी होती.

"माणसं सुटली पाहिजेत, हे मले पटते," ते म्हणायचे. "पण उद्या भाव पडला तं माह्या गावातली लेकरं काय खातीन, तेही सांगा."

हे मला विचार करूनच सांगावं लागेल, असं मी कबूल केलं. "मंग उद्या इचार करून या," ते म्हणाले.

एकदा अकोल्याचा एक अडत्या ओसरीवर आला होता. माझं बोलणं अर्ध्यावर तोडून तो हसला. "पंतोजीले कापसातलं काय समजते?"

लोडाला टेकलेले पाटील सरळ बसले. "हे माह्याविरुद्ध बोलून राहिले. त्याइचं पुरं होऊ द्या. मंग मी बोलतो, मंग तुमी."

मी माझं म्हणणं पुरं केलं. मग पाटलांनी माझा एकेक मुद्दा असा खोडून काढला की अडत्यालाही माझी कीव आली.

अमेरिकेच्या कायदेसभेतले दक्षिणेकडचे लोक भांडून उठून गेले आणि मग बंदुका निघाल्या, हे मी वाचलं त्या दिवशी मात्र पाटलांनी वाद घातला नाही. "बसा, पुरं आयकून घ्या, असं म्हणणारं कोणी नसन का तिथं?" त्यांनी विचारलं.

लढाई संपल्याची बातमी आली, तेव्हा मी ओसरीवर गेलो नाही. पाटीलच माझ्या दारात आले.

"बाजारात कळलं मले. तुमचे लोक जिंकले."

भाव गडगडला होता. त्यांनी उपरण्याच्या गाठीतून गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला.

"घ्या. माणसं सुटली, हे चांगलंच झालं. पण माह्यं म्हणणं काई खोटं नव्हतं."

"नव्हतंच," मी म्हणालो.

पुढच्या हंगामात त्यांनी अर्ध्या रानात ज्वारी पेरली, आणि आम्हाला वादाला नवा विषय मिळाला: मुलींसाठी शाळा काढावी की नाही. त्यात काढा म्हणणारे पाटील होते, आणि कचरणारा मी.