मधूच्या कादंबरीतले अकरा दोष

माझी धाकटी जाऊ मधुवंती हिने कादंबरी लिहिली. साठीला टेकल्यावर, आणि तीही सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी, काळातून मागे जाण्याची. मराठीत एम.ए. झाले मी, पंचवीस वर्षं शिकवलं मी, आणि छापून आलं हिचं! माझा जळफळाट झाला. तो लपवून काय करू?

मधू सोनकच्छची, हिंदी शाळेत शिकलेली. लग्न होऊन आमच्या देवासच्या घरी आली तेव्हा तिला धड मराठी वाचता येत नव्हतं. आमच्या सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, तिला शेजारी बसवून पोथीवरून वाचायला शिकवलं. पुढे भावजींना धारला नोकरी लागली, तीही तिथे शाळेत विज्ञान शिकवू लागली. पण रविवार आला की ही देवासला हजर. इंदूरला बस बदलून तीन तासांनी पोचायची आणि माईंना अडखळत दोन पानं वाचून दाखवायची. माई मला म्हणायच्या, "उमा, तुझं वाचन स्वच्छ आहे हो, पण मधूचं ऐकत बसावंसं वाटतं." अकरा वर्षं त्यांचं औषधपाणी, आंघोळी, सगळं मी केलं. आणि ऐकत बसावं हिचं!

कादंबरी मी एका दुपारी संपवली. ती वाईट निघावी असं मनापासून वाटत होतं, आणि तशीच निघाली. उर्वी नावाची मुलगी धारला बसमध्ये चढते आणि उतरते ती सत्तर वर्षांपूर्वीच्या देवासमध्ये. तिथे तिला सोळा वर्षांच्या माई भेटतात. आता काही घडेल म्हणून पान उलटावं, तर दोघी ओट्यावर बसून चहा पितात. पुढच्या फेरीला पुन्हा चहा. राजवाडा नाही, टेकडीवरची देवी नाही, काही म्हणजे काही नाही. माझ्या नातीला, अनन्याला, मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून मी तिला वाचून दाखवली, मुद्दाम सपाट आवाजात. ती म्हणाली, "आजी, बहुत बोर है. टाइम ट्रॅव्हल करून पण ही चायच पीत बसते?" मला इतका आनंद झाला, की मी तिच्यासाठी पोहे-जलेबी मागवली.

शेवटचं प्रकरण मात्र मी तिला वाचून दाखवलं नाही. त्यात बस उर्वीला दोन वर्षांपूर्वीच्या सालात उतरवते. ती घरी पोचते तर माई गेलेल्या. ती विचारते, "माईंनी माझी आठवण काढली होती का?" मोरीत एक बाई पाठमोरी उभी राहून पेला विसळत असते. कादंबरी संपते.

सबंध पुस्तकात माझी म्हणून एवढीच ती पाठ. दोन वर्षांपूर्वी माई खरोखर गेल्या, त्या सकाळी त्यांनी दोनदा विचारलं होतं, "मधू आली का?" मी म्हटलं, "निघालीय." खरं तर मी फोनच केला नव्हता. शेवटचं गंगाजल माझ्या हातून जावं, मधूच्या नको, एवढंच माझ्या मनात होतं. ते पाजलं, माई गेल्या, आणि मग मी धारला फोन लावला. मधू पोचली तेव्हा मी तोच पेला पुन्हा पुन्हा विसळत होते. वळून तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

आमच्या मराठी मंडळाने पुस्तकाचा कार्यक्रम ठेवला. अध्यक्ष उदाजीराव म्हणाले, "वहिनी, बोलायचं तुम्हीच. घर का मामला है." मी कागदावर अकरा दोष लिहून नेले, अकरा आहेत असं आधीच जाहीर केलं आणि एकेक वाचत गेले. चहाच्या फेऱ्यांवर सभागृह खो खो हसलं. मधू पहिल्या रांगेत मांडीवर वही घेऊन बसली होती आणि माझा प्रत्येक दोष लिहून घेत होती. तोंड वाकडं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. दहा झाले. अकरावा असा होता: शेवटी प्रश्न विचारून लेखिकेने उत्तर दिलेलं नाही. तो मला वाचता येईना. मी कागदाची घडी घातली आणि खाली बसले.

लोक पांगल्यावर मधू माझ्याजवळ येऊन बसली. वही उघडीच होती.

"वहिनी, आप तो ग्यारह बोली थीं ना? माझे दहाच झाले. अकरावा?"

"शेवटी उत्तर नाही," मी म्हणाले.

"ते मला माहीतच नव्हतं ना, वहिनी. काय लिहू?"

मी घडी घातलेल्या कागदाकडे बघत म्हणाले, "काढली होती तुझी आठवण. दोनदा विचारलं, मधू आली का. मी निघालीय म्हटलं. आणि तुला फोन केलाच नव्हता, मधू. त्या गेल्यावर केला."

तिने हे लिहून घेतलं नाही. पेनाला टोपण लावलं, वही पिशवीत ठेवली. इंदूरच्या बसला अजून तासभर अवकाश होता, तरी ती उठली.