बंद न झालेल्या योजनांची वही

फोरमननं निवृत्तीनंतर पीएच.डी. करायचं काढलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, या वयात लोक गुडघे सांभाळतात." खरंच होतं तिचं. पण कारखान्यात तीस वर्षं पाहिलेली एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. साहेब लोक वाजतगाजत नवी योजना आणत आणि ती कधीच बंद करत नसत. नुसतं तिचं नाव घेणं सोडून देत. अशा अकरा योजना त्यानं वहीत उतरवल्या होत्या. डावीकडे सुरू झाल्याची तारीख, उजवीकडे बंद झाल्याची. उजवी बाजू सगळी कोरी. कंपन्या आपली धोरणं गुपचूप कशी टाकून देतात, हाच त्याचा विषय.

मार्गदर्शक सरांनी पाच वर्षं त्याला झुलवत ठेवलं. विषय कोणी हात न लावलेला हवा, असं म्हणायचे आणि त्याच दमात त्यावरचे चाळीस संदर्भ मागायचे.

"सर, कोणी लिहिलंच नाही, तर संदर्भ कुठून आणू?"

"मग तो विषयच नाही!"

वा रे विद्वान! आडात पाणी नाही म्हणून हे पोहऱ्याला झोडपणार.

पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपायला पंधरा दिवस उरले तेव्हा कुठे त्याला समितीपुढे उभं केलं. विषय मंजूर झाला तर ठीक, नाहीतर पाच वर्षं पाण्यात. समोर तिघं बिस्किटं खात बसलेले. मार्गदर्शकांनी प्रस्ताव वाचला नव्हता, बाहेरून आलेल्या तज्ज्ञांना वाचायचा नव्हता, आणि तिसरे साक्षात संस्थेचे संचालक.

"एखादं जवळचं उदाहरण द्या की," संचालक म्हणाले.

गप्प कुठं बसावं, हे फोरमनला जन्मात कळलं नाही. "तळमजल्यावरचं आपलं नवविषय संशोधन केंद्र. तीन वर्षांपूर्वी तुम्हीच फीत कापलीत. माझ्या वहीत ते बारावं आहे."

"केंद्र व्यवस्थित चालू आहे!"

"मग चला, बघून येऊ."

संचालकांनी तावातावानं शिपायाला केंद्राची किल्ली आणायला सांगितलं. शिपाई बिचारा गोंधळला. "कुठलं केंद्र, साहेब? मोडक्या खुर्च्यांची खोली का?"

तज्ज्ञांना ठसका लागला. संचालक मात्र एकदम गोड झाले. विषय फार मोलाचा आहे म्हणाले, पुढच्या बैठकीत नक्की घेऊ. तोंडावर नाही म्हणायचीसुद्धा धमक नाही मेल्यांत! नाही म्हटलं असतं तर वर दाद तरी मागता आली असती.

फोरमन रोज जाऊन विचारायचा. कारकून म्हणायचा, "तारीख कळवू." पंधराव्या दिवशी नोंदणी संपली.

घरी येऊन त्यानं वही काढली. आता फाडतो की काय, म्हणून बायको धावली. त्यानं शांतपणे तेरावा आकडा घातला, पुढे स्वतःचं नाव लिहिलं, डावीकडे पाच वर्षांपूर्वीची तारीख घातली, आणि उजवी बाजू कोरी सोडली.