सानिकाचं बोट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि मिलिंदला तर नाहीच. दर वर्षी ईस्टरच्या आधी चर्चमध्ये कन्फेशनला जातो — राग सांगतो, दारू सांगतो, हॉटेलातल्या पोरांवर खेकसलो ते सांगतो — आणि हे एवढं सोडून उठतो. फादर प्रार्थना म्हणायला सांगतात, ती म्हणतो, आणि पार्किंगमधून गाडी काढताना कळतं की या वर्षीही राहिलं. थकलेला माणूस खरं बोलतो असा माझा दावा नाही. खोटं सांभाळायचा त्याला कंटाळा येतो, एवढंच. तर तुम्हाला सांगतो.

मी मूळचा वसईचा. दुबईतल्या एका हॉटेलात बँक्वेट सांभाळतो, राहतो शारजात. लग्नं, कॉन्फरन्स, इफ्तारच्या पार्ट्या — लोकांच्या आनंदात खुर्च्या मांडायचं काम. चाळिशी ओलांडल्यावर मला पिस्तूल नेमबाजीचा नाद लागला. एका जागी उभं राहून, श्वास रोखून काळा ठिपका टिपायचा, तो प्रकार नव्हे. आमच्यात पळायचं असतं. लाकडी भिंती, खिडक्या, पिंपं, आणि त्यांच्या आड पुठ्ठ्याची टार्गेटं. टायमर वाजला की कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं आणि वाकत, वळत, धावत सगळी टिपायची. नेम मोजतात, वेळही मोजतात. खुर्च्या मांडणाऱ्या माणसाला आयुष्यात दुसरीकडे कुठे टाळ्या मिळतात?

मिलिंद माझ्या मजल्यावर राहायचा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात त्याचं एसीच्या डक्टचं वर्कशॉप. आमची मैत्री जुनी — त्यांच्या गणपतीची आरती मला पाठ, आमच्या नाताळचा केक त्यांच्या फ्रीजमध्ये. सानिका त्याची एकुलती एक मुलगी. इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. आपण मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा ठरलेला व्यवहार. अल ऐनला मेडिकलला गेली तेव्हा शनिवार-रविवारी घरी यायची. एकदा माझ्याबरोबर रेंजवर आली, आणि मग येतच राहिली. मिलिंदला ते पसंत नव्हतं. शेवटी तयार झाला, पण अट घालून. मला म्हणाला, "विल्सन, तुझ्या भरवशावर पाठवतोय हां. एक जरी मिस्टेक झाली ना बंदुकीशी, खलास. नंतर डिस्कशन नाही."

तुझ्या भरवशावर. हे शब्द लक्षात ठेवा, मला ते विसरता आलेले नाहीत.

मी तिला शिकवलं, आणि मन लावून शिकवलं. तेवढं तरी खरं आहे. आमची पिस्तुलं क्लबची, ती रेंजच्या तिजोरीत राहतात, घरी आणायचा प्रश्नच नाही. मग आठवडाभर सराव कशानं करायचा? मी तिला हॉटेलातून काच पुसायची स्प्रेची बाटली आणून दिली. ती बाटली धरायची, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोखायची आणि चाप हळूहळू दाबत न्यायचा — पाणी बाहेर येईल-येईल अशा टोकापर्यंत — आणि तिथे थांबायचं. चापाचा सुरुवातीचा मोकळा भाग हात वर येतानाच दाबून टाकायचा, म्हणजे नेम लागला की उरलेलं फक्त केसभर. हौशी लोक हे करत नाहीत, वेगवान लोक करतात. त्यासाठी ट्रिगर आपल्या बोटाच्या पक्क्या ओळखीचा लागतो. सानिकानं हॉस्टेलच्या खोलीत महिनोन्‌महिने ते केलं. घरी आली की बाल्कनीची काच पुसताना करायची. तिची आई म्हणायची, तुमच्या त्या खेळानं माझ्या काचा तरी चकचकीत झाल्या. ते बोट मी तयार केलं होतं. त्याला काय ठाऊक आहे आणि ते किती ताकद लावतं, हे जगात दोघांनाच माहीत होतं — तिला आणि मला.

आम्ही दोघं एकच पिस्तूल वापरायचो. आमच्या क्लबात अशा जोड्या पुष्कळ आहेत, आणि जोडीचा एक नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण देवळाबाहेर चपला काढण्यासारखा सगळे पाळतात — जोडीदाराला सांगितल्याशिवाय पिस्तुलाचा स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही. पिस्तुलाची पेटी हातात देताना काय बदललं ते तोंडानं सांगायचं. काही बदललं नसेल तर 'जसं होतं तसं' म्हणायचं. हा नियमही तिला मीच शिकवला.

आता पुढचं. इथे येऊन मी नेहमी थांबतो, मनातल्या मनातसुद्धा.

ती माझ्यापुढे जायला लागली. आधी एखाद्या फेरीत, मग बहुतेक फेऱ्यांत. लोक टाळ्या वाजवायचे आणि माझी पाठ थोपटायचे — तुझीच चेली ना? मी हसायचो. बाहेरच्या देशातल्या एका स्पर्धेसाठी क्लबचा चार जणांचा संघ जायचा होता. तिघं ठरले होते, चौथी जागा आमच्या दोघांपैकी जो शनिवारच्या सामन्यात पुढे राहील त्याची. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मला राग आला. आपण शिकवलेल्या मुलीचा राग — आणि तो कुणाला दाखवायचीही सोय नाही. मी स्वतःला पटवलं की दोष माझ्या बोटाचा आहे, ट्रे उचलून उचलून ताठर झालंय, हा ट्रिगर त्याला जड पडतो. नाचता येईना, अंगण वाकडं. ट्रिगरची एक हलकी स्प्रिंग मी कधीची मागवून ठेवली होती. गुरुवारी संध्याकाळी रेंजवर जाऊन ती बसवली. ट्रिगर एकदम लोण्यासारखा झाला.

सानिका शुक्रवारी रात्री अल ऐनहून आली, शनिवारी सकाळी मी तिला गाडीत घेतलं. रस्ताभर सांगायचं होतं. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, का बदलली? काय उत्तर देणार होतो? आणि दुसरं — हेही लिहूनच टाकतो — तिला सांगितलं असतं तर रिकाम्या पिस्तुलाचा चाप चारदा ओढून तिनं तो ट्रिगर पाच मिनिटांत ओळखीचा करून घेतला असता, आणि तोही माझ्यापेक्षा चांगला चालवला असता. मी रेडिओ लावला.

पहिली फेरी माझी झाली. झकास झाली. पिस्तूल रिकामं केलं, पेटीत ठेवलं आणि पेटी तिच्या हातात दिली. तिनं सवयीनं विचारलं, "सेम, अंकल?" मी म्हणालो, "जसं होतं तसं."

टायमर वाजला. तिनं पिस्तूल काढलं, हात वर यायला लागला, आणि मी शिकवलं होतं अगदी तसंच तिच्या बोटानं चापाचा मोकळा भाग दाबला — आणि गोळी सुटली. नळी अजून खाली होती. तिच्या पायापुढच्या मातीत दोन हातांवर धूळ उडाली. रेंज ऑफिसर "स्टॉप" म्हणाला. आमच्या खेळात याला माफी नसते. गोळी पायाजवळ जमिनीत गेली की सामना संपला, सामान आवरून घरी जायचं. कुणी ओरडत नाही, कुणी रागावत नाही, पुढच्या खेळाडूचं नाव पुकारतात.

रेंज ऑफिसर भला माणूस होता. पिस्तूल आमच्या दोघांचं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "गन में कुछ प्रॉब्लेम तो नहीं?" सगळे बघत होते. मी म्हणालो, "नहीं, गन ठीक है." नियमानं तरीही ती बादच झाली असती, हे मला माहीत आहे. त्याच्याआड मी बरीच वर्षं लपलो.

तिथे जरी थांबलो असतो! मिलिंदनं त्या रात्री फक्त एवढंच विचारलं, "तू होतास ना तिथे?" मी म्हणालो, होतो. तो म्हणाला, "मग बस. खलास." चौथी जागा मला मिळाली. मी गेलो, खालच्या नंबरांत कुठेतरी आलो, आणि विमानतळावरून तिच्यासाठी चॉकलेटं घेतली.

पण मला सांगायचं आहे ते हेही नाही. तुम्हाला वाटलं असेल की झालं, सांगून संपलं. अजून एक रविवार उरला आहे.

त्या स्पर्धेला जायच्या आधीची गोष्ट. सामन्यानंतरच्या सोमवारी मला सुट्टी होती. मी रेंजवर गेलो, हलकी स्प्रिंग काढली आणि जुनी परत बसवली. कुणी विचारलं नव्हतं. त्याच आठवड्यातल्या रविवारी सानिका आपला पट्टा आणि होल्स्टर परत द्यायला रेंजवर आली, मिलिंद बाहेर गाडीत बसला होता. ती खूप वेळ घुटमळली. मग म्हणाली, "अंकल, डोन्ट माइंड हां. दॅट डे, ट्रिगर वेगळा वाटला का तुम्हाला? आय फेल्ट इट. इट वॉज नॉट माय ट्रिगर." चक्क अर्धं मराठीत बोलली.

तिच्या बोटाला कळलं होतं. एका क्षणाच्याही आत, गोळी सुटताना, त्या बोटानं फरक ओळखला होता. आख्ख्या क्लबात असं बोट दुसऱ्या कुणाचं नव्हतं. आणि तिचा त्याच्यावर अजून विश्वास होता, म्हणून तर ती विचारायला आली होती. मी काय केलं? मी पेटी उघडली, पिस्तूल रिकामं असल्याचं दोनदा दाखवलं, आणि तिच्या हातात दिलं. म्हटलं, बेटा, तूच बघ.

तिनं चाप ओढला. जुनी स्प्रिंग, जुना जडपणा. तिनं पुन्हा ओढला. मग डोळे मिटून एकदा. मला वाटतं, ती तेव्हा त्या बाटलीचा विचार करत असावी. मग तिनं पिस्तूल जपून पेटीत ठेवलं — नळीची दिशा, बोट बाहेर, सगळं बिनचूक — आणि म्हणाली, "ओके. सो इट वॉज मी." मी म्हणालो, "नर्व्हस झाली असशील. होतं असं." आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. हो, हातही ठेवला.

यंदा ती डॉक्टर म्हणून पुढच्या शिक्षणाला लागली. मिलिंदनं अल ऐनला तिच्या नव्या घरी जेवायला बोलावलं होतं. लहानपणापासून तिला सर्जन व्हायचं होतं, हे आमच्या दोन्ही घरांना माहीत. तिनं रेडिऑलॉजी घेतली. कुणीतरी विचारलं, का गं, सर्जरी का नाही? ती हसली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "विल्सन अंकल नोज. माय फिंगर गोज बिफोर माय ब्रेन." सगळे हसले. मिलिंद म्हणाला, बरं झालं, पेशंट वाचले. मीही हसलो. मग बिर्याणीचं भांडं पुढे सरकवलं आणि तिच्या आईला म्हटलं, मीठ अगदी बेतात पडलंय. तिथेही सांगता आलं असतं. टेबलावर फक्त सात-आठ माणसं होती, सगळी घरची.

पिस्तूल अजून तेच आहे, आणि मी अजून खेळतो. पेटी नव्या जोडीदाराला देताना 'जसं होतं तसं' म्हणतो, आणि ते खरं असतं.

हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे. इंग्रजी मला येतं, हॉटेलात दिवसभर तेच लिहितो. सानिकाला मराठी बोललेलं कळतं. वाचता येत नाही.